पातळ काप

फैजपूरच्या कॉलेजात बावीस वर्षं
मी ब्लेडने झाडं कापतो.
बाप यावलच्या वखारीत करवतीने कापायचा.
त्याचा तुकडा दोन माणसांनी उचलायचा,
माझा ब्रशच्या टोकावर येतो.

काप पाण्यावर तरंगला पाहिजे.
बुडाला तर जाड झाला, टाका.
मग सॅफ्रानिनचा एक थेंब,
आणि जे जे लाकडाचं ते लाल होतं.
बाकीचं फिकट, उगाच जागा अडवल्यासारखं,
खरं तर जिवंत तेवढंच.

इंगळे मॅडम दर जुलैत सांगतात,
मी बेसिनपाशी काचा धुता धुता ऐकतो:
पेशी आधी लांब होते,
मग आतून भिंतीला भिंत लिंपत जाते,
आणि घर पक्कं झालं
की स्वतःच विरघळते.
वरचा पडदा जातो, खालचा जातो,
एकावर एक रिकाम्या खोल्या,
त्यांतून पाणी चढतं.
मोटर नाही, लोडशेडिंग नाही.
वर पानं उन्हात वाळतात,
ती ओढतात.

"म्हणजे मेल्यावर कामाला लागते?"
असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच,
आणि मागच्या बाकावर हसू फुटतं.

बापाने कधी हसण्यावारी नेलं नसतं.
सातपुड्यातलं अंजनाचं खोड आलं
की पातं तापायचं, तो रॉकेलचं फडकं फिरवायचा,
दुपारपर्यंत वीतभर काप, आणि भुसा वीटकरी.
पण त्याआधी एकदा साल उचकटून
खालच्या ओल्या, बुळबुळीत थरावर बोट ओढायचा.
"झाड एवढंच राहते, भो.
आत लाकूड टाकते, बाहेर साल,
अन् सोता बाहेर बाहेर सरकते.
बाकी सगयं त्याचं मागचं बांधकाम."
सागाच्या वलयांवरून तो दुष्काळाचं साल सांगायचा.
कधी कधी चुकायचा, पण ठासून सांगायचा.

केळीला मात्र तो झाडात धरत नसे.
"केयीले लाकूड नसते.
पानाची गुंडायी, उभी राह्यली म्हनून झाड?"
नजर जाईल तिथवर हिरवं,
आणि करवतीला त्यातलं काही नाही.

यंदा एप्रिलात, प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी
वावधान आलं.
अर्ध्या तासात रावेरकडच्या केळी आडव्या,
घडांसकट, जणू कुणी हात फिरवला.
सकाळी पालची नजमा तडवी उशिरा पोचली,
रस्त्यात झाडं पडलेली, एस.टी. फिरून आलेली,
हातात केळीच्या पानाचा मोडका दांडा.
"सर, हे चालेल का?"
मला सर म्हणणारी ती एकटीच.

तिने दांडा मोडला, हलके हलके ओढला.
दोन तुकड्यांमध्ये तार निघाले,
कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, चमकते.
लहानपणी आम्ही या तारांना
तुकडा टांगून झुलवायचो,
कधी विचारलं नाही कसले.

बाहेरचे परीक्षक चहाला गेले होते.
मी काचेवर तार घेतले, थेंब सोडला,
डोळा लावला.

मळसूत्र.
उलगडलेलं, लांबच लांब, लाल.
अजून वाढायचं असतं तिथे
भिंत सलग बांधत नाहीत,
अशी फिरवत फिरवत, मधे मोकळं ठेवत बांधतात,
खोली ताणली तरी पाण्याची वाट मिटत नाही.
आणि लाल झालं होतं.
लाल म्हणजे लाकडाचंच,
आता काय म्हणशील?

बाप असता तर
एका डोळ्याने बघून म्हणाला असता,
"बरं. याचा पाट होईन का?"

मी अजून थोडं स्पष्ट व्हावं म्हणून
चक्री फिरवली, आणखी थोडी,
आणि कट् झालं.

फूटतूट वहीत लिहिलं:
कव्हरस्लिप, एक.
कारणाच्या रकान्यात आधी लिहिलं, पाहत होतो.
मग ते खोडून,
हात घसरला.